हिरव्या शाईची मासोळी

“काका, बदक चावल्याचा आकडा सापडला,” ऋजुता म्हणाली. “पण ‘अंगातून वाफा निघतात’ याचा काही केल्या सापडत नाहीये.”

“बदक कुठं चावतं, पोरी?”

“या यादीत चावतं. हे बघा. बदक चावणे, बदकाची धडक बसणे. दोन्हींना वेगवेगळे आकडे.”

“मग आमच्या वाफांनीच काय घोडं मारलंय?”

ती हसली आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली.

सावरबोडीच्या धर्मादाय दवाखान्यात मी रेकॉर्ड कीपर होतो. एकोणतीस वर्षं. छताला टेकलेल्या लाकडी मांडण्या, त्यांवर लाल फडक्यात बांधलेले केसपेपरचे गठ्ठे, डी.डी.टी.चा वास आणि मधोमध एका हात तुटलेल्या खुर्चीवर मी. त्या वर्षी ट्रस्टींच्या मनात आलं की दवाखाना कॉम्प्युटरवर न्यायचा. पुण्याच्या एका कंपनीनं ऋजुता पाध्ये नावाची ही मुलगी तीन आठवड्यांसाठी धाडली. जुने कागद टायपिंगवाल्यांनी आधीच आत चढवले होते. हिचं काम त्याच्या पुढचं. जगभरच्या डॉक्टरांनी मिळून म्हणे दुखण्यांची एक यादी केलीय, लाखो दुखणी, आणि प्रत्येकाला एक आकडा. आमच्या कागदांवर जे जे लिहिलंय, ते त्या यादीतल्या आकड्याला नेऊन जोडायचं. म्हणजे सावरबोडीचा खोकला अमेरिकेतल्या डॉक्टरलासुद्धा ओळखू यावा. अमेरिकेतल्या डॉक्टरला सावरबोडीच्या खोकल्याचं काय करायचं होतं, ते मी विचारलं नाही.

अडचण एकच. आमच्या कागदांवर डॉक्टर घाटबांध्यांचा हात फिरलेला, आणि घाटबांधे वारून सहा वर्षं झालेली. त्यांना अक्षरं लिहायचा कंटाळा. सगळा कारभार खुणांवर. तिरकी रेघ म्हणजे जुना खोकला. गोलात टिंब म्हणजे पोटात जंत. नावापुढं दोन टिंबं म्हणजे पेशंट दारू पितो, पण बायको शेजारी बसली होती म्हणून नाही म्हणाला. या खुणांची किल्ली साऱ्या जगात एकाच डोक्यात उरली होती, आणि ते डोकं माझं.

आता गाव माझ्याबद्दल काय बोलतं ते सांगून टाकतो. मी थापाड्या आहे. चौऱ्याण्णवच्या पुरात बोडीतली, म्हणजे गावतळ्यातली, मगर रेकॉर्ड रूममध्ये शिरली आणि ‘ग’पासून ‘ज’पर्यंतचे केसपेपर खाऊन गेली, ही बातमी मीच गावभर केली होती. खरं म्हणजे त्या गठ्ठ्यांना वाळवी लागली होती आणि पावडर टाकायचं मी विसरलो होतो. पुढं त्या मगरीला कावीळ झाली, हेही मीच सांगितलं. लोक हसायचे, चहा पाजायचे, पण मी “आज बुधवार आहे” म्हटलं तरी कॅलेंडर बघून घ्यायचे.

ही पोर तशी नव्हती. मी सांगेन ते ती वहीत लिहायची. तारीख घालून.

चौदाव्या दिवशी ती म्हणाली, “काका, आता ही खूण. उजव्या कोपऱ्यात हिरव्या शाईची मासोळी. त्रेचाळीस कागदांवर आहे. दुखण्याच्या जागी नुसतं ‘चामडीचा विकार’. सॉफ्टवेअर म्हणतं, इतकं मोघम चालणार नाही. ही मासोळी म्हणजे काय?”

“ती होय? घाटबांधे डॉक्टरांना मासे फार आवडायचे. जो पेशंट बोडीतले मासे आणून द्यायचा, त्याच्या कागदावर मासोळी. पुढच्या खेपेला फी घ्यायची नाही, म्हणून खूण.”

“किती गोड!” ती म्हणाली आणि लिहून घेतलं.

घाटबांधे शुद्ध शाकाहारी होते. अंडं फुटलेलं पाहिलं तरी त्यांना मळमळायचं.

मासोळीची गोष्ट वेगळी होती. फार मागं, एका मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी मला आत बोलावलं होतं. समोर पारबता कापगतेचा कागद. ती नुकतीच बाहेर गेली होती, कडेवर पोर घेऊन. चोवीस-पंचवीसची असेल तेव्हा.

“लांजेवार, हिला महारोग आहे,” ते म्हणाले. “अगदी सुरुवातीचा. नेमानं गोळ्या घेतल्या तर पूर्ण बरी होईल, कुणाला तिच्यापासून काही होणार नाही. पण नवऱ्याला कळलं तर संध्याकाळच्या आत ती रस्त्यावर. मग कसल्या गोळ्या आणि कसलं काय. म्हणून कागदावर मी ते लिहिणार नाही.” त्यांनी हिरवा पेन उघडला आणि कोपऱ्यात एका दमात मासोळी काढली. “ही दिसली की कागद वेगळा काढायचा आणि सरळ माझ्या हातात द्यायचा. गोळ्या मी साध्या पुडीत बांधून देईन. खरजेच्या गर्दीत हीही एक.”

“मला कशाला सांगता, डॉक्टरसाहेब? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.”

“म्हणूनच तुला सांगतोय,” ते म्हणाले. “तू दिवसभर थापा मारतोस. उद्या चुकून खरं बोललास, तरी कोण विश्वास ठेवणार आहे?”

अशी त्रेचाळीस माणसं झाली. सगळी बरी झाली. त्यातला एक सरपंच झाला, एक लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायला लागला. पारबताबाईचा नवरा पुढं तापानं गेला, तिनं पोरगा वाढवला, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारची खिचडी शिजवायचं काम धरलं. नऊ वर्षं तिच्या हातचं खाऊन पोरं मोठी झाली. माझ्या तोंडून मासोळीबद्दल चकार शब्द गेला नाही. थापा इतक्या होत्या की खऱ्याला बाहेर पडायला जागाच नव्हती.

ऋजुताचा शेवटचा दिवस आला. ती वायरी गुंडाळत होती आणि मला उगाच भरून येत होतं. तिनं ती वही पुढं केली. पहिल्या पानावर ‘लांजेवार काकांनी सांगितलेलं’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

“एकशे बारा खुणा, काका. त्यातल्या तीस मी औषधांवरून ताडून पाहिल्या. एकही चुकली नाही. मी कंपनीला कळवलंय, काका म्हणतील ते फायनल.”

छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात हे वाक्य मला पहिल्यांदा कुणी म्हणत होतं. बायको धरून.

“आणि मासोळीचं?” मी विचारलं.

“तुम्ही सांगितलं तसंच. मासे भेट दिले, दुखण्याशी संबंध नाही, वगळले.”

इथं मी उठून पाणी प्यायला गेलो असतो तर गोष्ट संपली असती. मी उठलो नाही.

“एवढा खटाटोप कशासाठी गं, पोरी? कुणाच्या पोटातले जंत कॉम्प्युटरमध्ये कशाला हवेत?”

तिनं वायर खाली ठेवली. “माझ्या आजोबांना एक इंजेक्शन चालत नव्हतं. गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. पुण्यात आणलं तेव्हा तिथल्या डॉक्टरला ती चिठ्ठी दिसली नाही. त्यानं तेच इंजेक्शन दिलं.” तिनं वायर पुन्हा उचलली. “लिहिलेलं होतं, काका. पण ज्याला दिसायला हवं त्याला दिसलं नाही.”

मला सोमा बोरकर आठवला. त्रेचाळीसातलाच एक. दोन महिन्यांपूर्वी तळपायाला खिळा घुसून पाय सडत आलेला घेऊन आला होता. पाय त्या जुन्या दुखण्यानंच बधिर, त्याला पत्ताच नव्हता. नवे डॉक्टर निखाडे बिचारे दहा दिवस त्याची साखर तपासत बसले. मासोळी त्यांना कोण सांगणार? मी गप्प बसलो होतो. सोमाची दोन बोटं गेली.

आणि समोर ही पोर. माझी मगर सोडून बाकी सगळं खरं मानणारी. तिलाच मी फसवलं होतं.

“कुणाकुणाला दिसतं हे?” मी विचारलं.

“फक्त डॉक्टरांना. पासवर्ड असतो.”

“शप्पथ?”

“शप्पथ, काका.”

मी सांगितलं. तिनं वही उघडली, मासे भेट दिल्याची ओळ खोडली आणि त्यावर नवं लिहिलं. मग लॅपटॉपमध्ये कुष्ठरोगाचा आकडा शोधला. तो लगेच सापडला, वाफांसारखा त्रास दिला नाही. पडद्यावर एक चक्र गरगरलं, थांबलं, आणि खाली आलं, ‘त्रेचाळीस नोंदी जोडल्या’. डॉक्टर घाटबांध्यांनी बावीस वर्षांत काढलेल्या मासोळ्या, बारा सेकंदांत.

“तुम्ही फार मोठं काम केलंत, काका,” ती म्हणाली. मी तिला बसपर्यंत सोडायला गेलो. बॅगही मीच उचलली.

जून लागला. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईला दरवर्षी दवाखान्याचा दाखला द्यावा लागतो, अंगात कुठला रोग नाही म्हणून. निखाड्यांनी पारबताबाईला तपासलं, थुंकी-रक्त सगळं ठीक. आधीच्या वर्षांत दाखला हातानं लिहायचे. यंदा पहिल्यांदाच प्रिंटरनं खर्रखर्र करून एक स्वच्छ कागद बाहेर टाकला. तो मी उचलला, खाली शिक्का मारला आणि तिच्या हातात दिला.

वाचला नाही. छापलेलं कशाला वाचायचं? डॉक्टरांचं अक्षर असतं तर लावून वाचलं असतं.

पारबताबाईला वाचता येत नाही. तिनं तो कागद दोन्ही हातांत धरून पाहिला. “छापील हाय व्हय जी यंदा? मोठ्या माणसाच्या लग्नपत्रिकेवानी दिसते.”

“मग! आता तुम्ही कॉम्प्युटरात गेल्या, पारबताबाई.”

ती तोंडाला पदर लावून हसली आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती रेकॉर्ड रूमच्या दारात उभी होती. आत आली नाही. पिशवी हातातच.

“बाबू, काल सांजच्याले मी गिरणीवर गेलती दळण घेऊन. तिथं शेवंताच्या पोरीले म्हटलं, वाच वो माय, छापील हाय. तिनं वाचलं. मोठ्यानं वाचलं. सारी रांग उभी व्हती.”

मी कागद घेतला. नाव, वय, वजन. प्रकृती उत्तम. आणि त्याखाली, कुणीही न मागता, ‘पूर्वीचे आजार: कुष्ठरोग, उपचार पूर्ण’.

“घाटबांधे डाक्टर तं म्हनत, कागदावर कोठंच नाई,” ती म्हणाली. “इतक्या वर्सांत नवऱ्याले नाई कळलं. पोराले नाई. सुनेनं आज माह्या हातचा चहा नाई घेतला, बाबू.”

मी तिला घेऊन तडक निखाड्यांकडे गेलो. निखाडे तरुण, भला माणूस. कागद वाचून त्यांचा चेहरा उतरला.

“हे दाखल्यावर छापायला कुणी सांगितलं?”

“तुमच्याच मशीननं छापलं.”

“पूर्वीचे आजार आपोआप येतात वाटतं. थांबा, काढून टाकू.” त्यांनी बराच वेळ इकडं तिकडं दाबून पाहिलं. “काढता येत नाही. नोंद पुसायची सोयच नाही यात. आणि ते चांगल्यासाठीच आहे, लांजेवार. नाहीतर डॉक्टर आपल्या चुका पुसत बसतील. पण चुकीची म्हणून खूण करता येईल.”

“करा.”

‘कुणी सुचवलं’ या रकान्यात त्यांनी माझं नाव घातलं आणि खूण केली. प्रिंटर खर्रखर्र वाजला. मी या वेळी कागद वाचला. ‘पूर्वीचे आजार: कुष्ठरोग, उपचार पूर्ण.’ त्याखाली नवी ओळ, ‘दुरुस्ती: कुष्ठरोग ही नोंद चुकीची असल्याचे लांजेवार यांनी कळविले.’

आधी एकदा होतं, आता दोनदा झालं.

“दुरुस्तीचीच दुरुस्ती करून बघतो,” निखाडे म्हणाले. पुढच्या कागदावर ते तीनदा आलं, आणि तिसऱ्यांदा तारीख-वेळेसकट.

पारबताबाई कोपऱ्यात उभी राहून प्रिंटरकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण ओळी वाढताना दिसत होत्या. “राहू द्या जी,” ती म्हणाली. “जितकं खोदाल तितकं निघून रायलं.”

मी ऋजुताला फोन लावला. मागं कुणाच्या तरी वाढदिवसाचा गलका होता. तिनं सगळं ऐकलं.

“काका, दाखल्याचा नमुना दुसऱ्या टीमनं केलाय. मला माहीत नव्हतं हो. देवाशप्पथ मला माहीत नव्हतं.”

“मग सांग ना त्यांना.”

“मी आता त्या कामावर नाहीये. तक्रार टाकते. पण पुढच्या आवृत्तीतच बदलेल ते.”

“ती केव्हा?”

“दिवाळीनंतर. काका, ते पहिलं खरं होतं का हो? मासे भेट दिल्याचं? तुम्ही म्हणालात तर मी तसं लिहून पाठवते.”

“हो,” मी म्हणालो. “तेच खरं होतं. दुसरी थाप होती.”

पलीकडून तिचं रडणं ऐकू आलं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही. पहिल्यांदाच.

निखाड्यांनी हातानं लिहून दाखला दिला, शिक्का मारला, आणि मी पारबताबाईबरोबर शाळेत गेलो. पाऊण वाजला होता. खिचडीचा टोप चुलीवरून उतरवून ठेवलेला. ती सकाळीच येऊन शिजवून गेली होती, नेहमीसारखी. व्हरांड्यात पट्ट्या अंथरलेल्या, पण त्यांवर पोरं नव्हती. निम्मी पोरं घरून डबा घेऊन आलेली, वर्गातच खात होती. बाकीची खिडकीतून टोपाकडे बघत होती.

मुख्याध्यापक गहाणे गुरुजी, शाळा समितीचे अध्यक्ष फुंडे आणि आणखी चार पालक उभे होते. पालक म्हणजे गिरणीवरच्याच रांगेतले.

“गुरुजी, हा घ्या दाखला,” मी म्हणालो.

गुरुजींनी वाचला आणि परत दिला. “हातचा लिहिलेला चालत नाही हो लांजेवार. वरून पत्र आलंय, यंदापासून कॉम्प्युटरचाच लावायचा.”

“कॉम्प्युटरचा चुकलाय. ‘क’ अक्षराचे सगळे केसपेपर चौऱ्याण्णवच्या पुरात गेले. कापगत्यांचा कागद शिल्लकच नव्हता. हे कुणातरी दुसऱ्याचं दुखणं हिच्या नावावर चढलंय. एकोणतीस वर्षं रेकॉर्ड मी सांभाळलंय, मला ठाऊक की मशीनला?”

इतकी बेमालूम थाप मी जन्मात मारली नव्हती. आवाज हलला नाही, डोळा लवला नाही.

फुंडे म्हणाले, “म्हंजे मगरीनं खाल्ले ना बाबू?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. “‘ग’पासून खाल्ले व्हते ना हो? आता ‘क’ बी गेला काय?” “कावीळ झालती तिले, दोन अक्षरं जास्तीची खाल्ली असन!” पालक हसले, पोरं खिडकीतून हसली. पारबताबाईच्या तोंडावरही क्षणभर हसू येऊन गेलं, सवयीनं. ती गोष्ट तिनंही माझ्याकडून दहा वेळा ऐकली होती.

हसू विरल्यावर सगळे पुन्हा टोपाकडे बघू लागले.

गहाणे गुरुजी मला बाजूला घेऊन गेले. “लांजेवार, मी विज्ञान शिकवतो. हा रोग बरा होतो, बरा झालेल्यापासून कुणाला काही होत नाही, हे सातवीच्या पुस्तकात आहे, मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण पोरं जेवायलाच बसली नाहीत तर मी काय करू?”

“तुम्ही आधी खा. ते बघतील.”

शाळेत नियम आहे. पोरांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं खिचडी चाखायची आणि चव नोंदवहीत सही करायची. वही टोपाशेजारी स्टुलावर होती, दोरीला बांधलेला पेन, आजची तारीख घातलेली, पुढची जागा कोरी. नऊ वर्षं गुरुजींनी त्या वहीत ‘चव उत्तम’ लिहून सही केली होती.

पारबताबाईनं वाटीत खिचडी काढली आणि त्यांच्यापुढं धरली. हात लांब करून, जितका जाईल तितका लांब, म्हणजे त्यांना जवळ यावं लागू नये.

गुरुजींनी वाटीकडं पाहिलं. पालकांकडं पाहिलं. “आज माझा उपास आहे,” ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला नाही. मला थाप ओळखता येते, आणि ही इतकी कच्ची होती की मारणाऱ्यालाच लाज वाटत होती.

मी वाटी घेतली आणि उभ्यानं खाल्ली. मग आणखी मागितली. ती वाढत होती, मी खात होतो, व्हरांडाभर आवाज फक्त माझ्या चमच्याचा. वही ओढली, ‘चव उत्तम’ लिहिलं आणि सही केली. फुंडे म्हणाले, “बाबू, तुमची सही नाई चालत. तुमी शाळेचे नाई.” ते खरंच होतं. गुरुजींनी त्या ओळीवर हलकीशी रेघ मारली.

टोप आम्ही दोघांनी धरून बाहेर काढला. येताना ती पुढं, मी मागं. मी तिला सगळं सांगून टाकलं. पुण्याची पोर, वही, मासे भेट दिल्याची पहिली थाप, सोमाचा पाय, मग मी बोललो ते. काही लपवलं नाही. गिरणी आली तेव्हा ती थांबली.

“म्हंजे पहिले तुमी तिले थाप मारली व्हती?”

“हाव.”

“अन् तिनं आयकली व्हती?”

“लिहूनसुद्धा घेतली होती.”

“मंग तिथंच काहून नाई थांबले, बाबू?” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “जलमभर खोटं बोलले. माह्यासाठी एक डाव बोलले, अन् तेवढंच वापस घेतलं.”

ती गेली. मी गिरणीपुढं टोप धरून उभा राहिलो. आत पट्टा चालू होता, कुणी बाहेर आलं नाही.

नोकरीची पुढची दोन वर्षं मी प्रिंटरशेजारी बसून काढली. उरलेल्या बेचाळिसांपैकी कुणी दाखल्याला आलं की मी मागची वायर सैल करायचो आणि सांगायचो, मशीन बिघडलंय, उंदरानं खाल्लं, साहेबांकडून हातानं लिहून घ्या. उंदीर खरा वाटायचा लोकांना. मग मी रिटायर झालो, वायर कुणीतरी घट्ट बसवली. पारबताबाई सावरबोडी सोडून भावाकडं गेली म्हणतात. दिवाळीनंतरची ती आवृत्ती आली की नाही, ठाऊक नाही.

आता बारा वर्षं झाली. बसस्टँडच्या टपरीवर लोक अजून मगरीची सांगा म्हणतात. मी एकदा ही सांगून पाहिली. बदक चावल्याचा आकडा असतो म्हटल्यावर सगळे टाळ्या देऊन हसले आणि उरलेली कुणी ऐकलीच नाही. म्हणून लिहून ठेवतोय.

पण या वेळी मी शहाणा झालोय. गावाचं नाव सावरबोडी नाही. बाईचं नाव पारबता नाही, आणि ती शाळेत खिचडी शिजवत नव्हती, दुसरंच काही करत होती. कागदाच्या कोपऱ्यात मासोळीही नव्हती. काय होतं ते तिघांनाच ठाऊक. त्यातले डॉक्टर गेले, पुण्याची पोर सांगणार नाही. उरलो मी, आणि मला विचाराल तर मी मगरीची गोष्ट सांगेन.